मेंदूच्या धमनीतील उपचार : जागेवरची भूल कोठवर पुरते?

धागाकर्ता, नौपाडा (ठाणे)
माझ्या वडिलांच्या मेंदूच्या आवरणाखाली जुने रक्त साचले होते. ते पुन्हा साचू नये म्हणून त्या आवरणाला रक्त पुरवणारी मिडल मेनिन्जियल धमनी, जांघेतून वर नेलेल्या नळीने आतून बंद करण्याचा उपचार ठाण्यातील एका रुग्णालयात, केवळ जांघेत लिग्नोकेन हे जागेवरची भूल देणारे औषध टोचून करण्यात आला. 'मुंगी चावल्यासारखे वाटेल', एवढेच आम्हाला सांगितले होते. जांघेत टोचताना वडिलांनी हूं की चूं केले नाही. परंतु धमनी बंद करणारे द्रव तिच्यात सोडताच डाव्या कानशिलातून जबड्यापर्यंत कळ गेली आणि त्यांनी पाय झाडला. मेंदूला स्वतःला वेदना जाणवत नाही हे खरे असले, तरी त्याच्या आवरणाला व त्यातील धमन्यांना ट्रायजेमिनल या चेहऱ्याची संवेदना नेणाऱ्या मज्जातंतूच्या शाखा असतात, आणि ऑनिक्ससारखे धमनी बंद करणारे द्रव ज्या डायमिथाइल सल्फॉक्साइडमध्ये विरघळवलेले असते, ते धमनीला झोंबते. जांघेतल्या लिग्नोकेनचा तेथे काडीचाही उपयोग नाही. द्रव सोडण्यापूर्वी सूक्ष्म कॅथेटरमधून (धमनीत सरकवलेल्या बारीक नळीतून) त्याच धमनीत थोडे लिग्नोकेन सोडण्याची पद्धत आहे. वयस्कर रुग्णांत आधी तिचा विचार व्हावा आणि पूर्ण भूल त्यानंतर, असे माझे ठाम मत आहे.

भूलतज्ज्ञ, वाशी
वडिलांना कळ येणार हे आधी सांगायलाच हवे होते, पण आपला निष्कर्ष मला मान्य नाही. या धमनीची एक शाखा चेहऱ्याचे स्नायू हलवणाऱ्या मज्जातंतूला रक्त पुरवते, आणि काही जणांत ती डोळ्याच्या धमनीशी जोडलेली असते. लिग्नोकेन तिकडे गेले, तर काही काळ चेहरा वाकडा होऊ शकतो किंवा दिसेनासे होऊ शकते. शिवाय द्रव सोडताना रुग्णाने डोके जरासे हलवले, तरी पडद्यावरचा धमनीचा नकाशा जुळेनासा होतो. पूर्ण भुलेची भीतीही अवाजवी आहे : मेंदूतील गुठळी काढण्याच्या उपचारांत २०१६ च्या सिएस्टा आणि २०१८ च्या गोलायथ या चाचण्यांत पूर्ण भूल दिलेल्या रुग्णांचे नुकसान झाल्याचे दिसले नाही.

धागाकर्ता
त्या चाचण्या अर्धांगाच्या झटक्याच्या रुग्णांवरच्या आहेत. हृदय व फुप्फुसे थकलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या नियोजित उपचाराला त्या जशाच्या तशा लावता येणार नाहीत. आपण सांगितलेला धोका तर मला उलट उपयोगाचा वाटतो. लिग्नोकेनने चेहरा किंवा दृष्टी गेली तर ती परत येते आणि डॉक्टर तिथेच थांबू शकतात. कायम टिकणारे द्रव तिकडे गेले तर सावरायला वाव उरत नाही. आणि ही सूचना जागा असलेला रुग्णच देऊ शकतो.

कॅथलॅब परिचारिका, ऐरोली
वाद धमनीचा चालला आहे, पण बहुतेक रुग्णांची पहिली तक्रार जांघेचीच असते. लिग्नोकेन टोचल्याबरोबर शीथ (कॅथेटर आत नेण्यासाठी धमनीत बसवायची आखूड नळी) घालण्याची घाई होते, तेथे दोन-तीन मिनिटे थांबायला हवे. सोडियम बायकार्बोनेट मिसळले तर औषधाची चुरचुरही कमी होते. धमनीत लिग्नोकेन द्यायचे असेल तर दोन्ही ठिकाणचा हिशेब एकत्रच ठेवावा लागतो. ॲड्रिनलीनविना त्याची कमाल मात्रा किलोमागे ४.५ मिलिग्रॅम धरतात, म्हणजे ५० किलोच्या आजींना एकूण २२५ मिलिग्रॅम. दोन टक्क्यांच्या औषधाचे ते जेमतेम ११ मिलिलिटर होतात. जांघेतच १० मिलिलिटर संपले, तर वर द्यायला काय उरले?

भूलतज्ज्ञ, वाशी
हिशेबाचा मुद्दा अगदी रास्त आहे. जागा असलेला रुग्ण सूचना देतो, हेही मी मान्य करतो. मात्र तो शांत पडून राहू शकणारा आणि सांगितलेले समजणारा असला पाहिजे, आणि साचलेल्या रक्तामुळे गोंधळलेले अनेक वृद्ध तसे नसतात. अशांना मी पूर्ण भूलच देईन. अँजिओग्राफीत डोळ्याच्या धमनीशी जोड दिसली, तर मात्र भूल कोणतीही असो, त्या जागेवरून द्रव सोडूच नये.