साठीनंतर जिममध्ये जड वजन उचलावं का?

नाशिकरोडकर
नमस्कार मंडळी. वय ६३, प्रेसमधून रिटायर. बीपीची एक गोळी चालू आहे, शुगर बॉर्डरला. रोज सकाळी चालतो, त्याचा काही त्रास नाही, पण गॅसचं सिलेंडर सरकवायचं म्हणलं की शेजारच्या पोराला हाक मारावी लागते आणि मांडी घालून बसलं की उठताना हात टेकावाच लागतो. मुलाने जिम लावून दिली. तिथला ट्रेनर पोरगा चांगलाय पण मला बघितलं की "काका तुम्ही ट्रेडमिल करा", नाहीतर हातात दोन-दोन किलोचे डंबेल. अहो भाजीची पिशवी त्यापेक्षा जड असते! मला बार, म्हणजे वजनाच्या चकत्या लावलेला तो लोखंडी दांडा, उचलायचाय. घरी सौ. म्हणतात कंबर धरून बसाल. कोणी या वयात सुरू केलंय का?

गंगापूररोडची मावशी
मी केलंय, साठी उलटल्यावर. हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा टेस्टमध्ये हाडं विरळ निघाली तेव्हा सगळे म्हणाले आता जपून, वाकू नका, उचलू नका. मग मुलीने ऑस्ट्रेलियातली लिफ्टमोर नावाची ट्रायल दाखवली, २०१८ ला छापून आलीय. पाळी गेलेल्या, हाडं कमकुवत झालेल्या बायका, आठवड्यातून दोनदा अर्धा तास, आठ महिने, डेडलिफ्ट (जमिनीवरचा बार उचलून उभं राहणं), स्क्वॉट (खांद्यावर बार घेऊन बैठक), डोक्यावर बार उचलणं, तेही चांगलं जड. मणक्याच्या हाडाची घनता सरासरी २.९ टक्के वाढली, आणि घरी हलका व्यायाम करणाऱ्यांची उलट कमी झाली. पण शिकवणारा माणूस समोर उभा असायचा आणि पहिला महिना हलक्यावरच होता, हे लोक सांगत नाहीत. माझा डेडलिफ्ट ४० किलोला आहे, सुनेपेक्षा जास्त (तिला सांगू नका).

पंचवटीचा पैलवान
काका या इंग्रजी भानगडी कशाला, आमच्याकडे तालमीत म्हातारे जोर-बैठका मारायचे, सूर्यनमस्कार घाला रोज, सगळं होतं.

फिजिओ_इंदिरानगर
पैलवान, बैठका उत्तमच, पण ज्याला जमिनीवरून उठता येत नाही तो पहिल्याच दिवशी शंभर बैठका मारणार का? आणि ज्याला जमतात त्याला पुढे वजन वाढवावंच लागतं, नाहीतर ताकद तिथेच थांबते.

काका, जड म्हणजे किती ते तुमच्यावर ठरतं. पाच-सहा वेळा उचलल्यावर अजून दोनदा नीट उचलता येईल असं वाटलं पाहिजे, ते तुमचं जड. ते दहा किलोही असेल, लाजायचं कारण नाही. सुरुवात खुर्चीवरून हात न टेकता उठण्याने करा, मग छातीशी डंबेल धरून तेच, मग बार. १९९० मध्ये बोस्टनला ८६ ते ९६ वयाच्या, वृद्धांची देखभाल करणाऱ्या संस्थेतल्या लोकांकडून आठ आठवडे पायाचा जड व्यायाम करून घेतला होता, त्यांची ताकद सरासरी १७४ टक्के वाढली. तुम्ही तर त्यांच्यापुढे पोरसवदा.

आता बीपीचं. श्वास कोंडून जोर लावला की बीपी त्या क्षणी एकदम चढतं, त्यामुळे उचलताना श्वास सोडायचा, आणि गोळी घेऊनही बीपी कंट्रोलमध्ये नसेल तर आधी डॉक्टरांना भेटा. शुगर जुनी असेल तर डोळ्याचा पडदा तपासून घ्या, पडद्यावर नाजूक रक्तवाहिन्या झाल्या असतील तर जड वजन चालत नाही. छातीत दाब, चक्कर आली तर लगेच थांबायचं. आठवड्यातून दोन दिवस पुरे, मध्ये एक दिवस तरी गॅप.

नाशिकरोडकर
धन्यवाद सगळ्यांना. डोळ्याचं माहीतच नव्हतं, या आठवड्यात जातो. एक राहिलं, पोरगा प्रोटीन पावडरचा डबा घे म्हणतोय, घेऊ का?

फिजिओ_इंदिरानगर
आधी जेवणाचा हिशोब मांडा. या वयात किलोमागे रोज १ ते १.२ ग्रॅम प्रोटीन लागतं, म्हणजे ७० किलोच्या माणसाला ७० ते ८४ ग्रॅम. एका वाटी वरणात पाच-सात ग्रॅम, अंड्यात सहा. रविवारच्या मिसळीतली मटकी धरली तरी आपल्याकडे बहुतेकांचं कमीच पडतं. दूध, पनीर, अंडी, उसळी वाढवा, तरी नाही जमलं तर पावडर, पण किडनीचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारूनच.

गंगापूररोडची मावशी
आणि ट्रेनरला सांगा मला डेडलिफ्ट शिकव. नाही म्हणाला तर जिम बदला, नाशकात काय जिमची कमी आहे का. सौंना पण घेऊन जा, त्यांना जास्त गरज आहे.