अकरावीत गणित ठेवावे की क्रॉप सायन्स घ्यावे?

प्रश्न : एक पालक, घाटंजी तालुका (यवतमाळ)

नमस्कार. आमचे सात एकर कोरडवाहू वावर आहे. मुलगी यंदा सेमी-इंग्रजीतून दहावी उत्तीर्ण झाली. तिला गणिताची गोडी आहे, पण पुढे कृषीची पदवी घ्यावी असेही तिच्या मनात आहे. तालुक्याच्या कनिष्ठ महाविद्यालयात विज्ञान शाखेला दोन वाटा आहेत. एका वाटेत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित आणि जीवशास्त्र हे चारही विषय असून सोबत मराठी किंवा आयटी (माहिती तंत्रज्ञान) घेता येते. दुसऱ्या वाटेत गणिताऐवजी २०० गुणांचा क्रॉप सायन्स (पीकशास्त्र) हा द्विलक्षी, म्हणजे व्यवसायाभिमुख विषय मिळतो आणि त्यात दुसरी भाषाही सुटते. क्रॉप सायन्समध्ये गुण सहज पडतात, असे गावातील बहुतेक जण सांगतात. मला मात्र बारावीच्या टक्क्यांपेक्षा पदवीच्या पहिल्या वर्षाची काळजी अधिक वाटते, कारण माझा पुतण्या बारावीत चांगले गुण मिळवूनही पहिल्याच सत्रात गांगरून घरी परतला. कोणता विषय पुढे खरोखर उपयोगी पडतो, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर १ : निवृत्त गणित शिक्षक, वाशीम

दादा, गणित सोडू देऊ नका. चारही विषय ठेवले तर एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेचे दोन्ही गट (गणिताचा आणि जीवशास्त्राचा) खुले राहतात आणि कृषी पदवीच्या प्रवेशाला त्यांपैकी कोणताही गट चालतो. परंतु आपला प्रश्न प्रवेशाचा नसून तेथे टिकण्याचा आहे, म्हणून अभ्यासक्रमाकडेच पाहू. बारावीच्या अवकल समीकरणांच्या प्रकरणात जिवाणूंची वाढ आणि तापलेल्या वस्तूचे थंड होणे यांची गणिते येतात, तर शेवटी संभाव्यता वितरण आणि द्विपद वितरण शिकवले जाते. पदवीला जीवशास्त्र घेणाऱ्या विद्यार्थ्यालाही प्रयोगाची आकडेवारी तपासताना हेच लागते आणि ज्याने ते कधी पाहिलेले नसते, त्याला तेथे पायापासून सुरुवात करावी लागते.

आपल्याकडे अकरावी हे विसाव्याचे वर्ष मानले जाते. सीईटीत सुमारे २० टक्के प्रश्न अकरावीचे असतात, हा त्याचा लहान तोटा झाला. मोठा तोटा असा की अकरावीची त्रिकोणमिती कच्ची राहिली तर बारावीचे संकलन (इंटिग्रेशन) कधीच उमगत नाही, मग मुले उत्तरे पाठ करतात आणि ते पाठांतर पदवीच्या वर्गात उघडे पडते. आपल्या पुतण्याच्या बाबतीत असेच घडले असावे, असा माझा अंदाज आहे.

उत्तर २ : कृषी पदवीधर, अकोला

सरांचे म्हणणे मला बहुतांशी मान्य आहे, तरी क्रॉप सायन्सची बाजूही मांडतो, कारण मी स्वतः तो विषय घेतला होता. २०१८ साली कृषी पदवीला प्रवेश घेतला तेव्हा कृषिविद्या आणि मृदाशास्त्र या विषयांची भाषा मला ओळखीची होती. बीजप्रक्रिया, आंतरमशागत, मातीचा सामू हे शब्द पहिल्या तासापासून कळत होते आणि शहरातील मुले त्यांवर अडखळत होती. मात्र बारावीत गणित नसलेल्यांसाठी प्राथमिक गणिताचा वेगळा अभ्यासक्रम तेथे होता (जीवशास्त्र नसलेल्यांसाठी त्याचाही होता), तो मला करावा लागला आणि त्यानंतर आलेल्या सांख्यिकीने खरोखर घाम फोडला. मातीची ओळख आपल्या मुलीला वावरातच झालेली आहे. गणित तिला तेथे मिळणार नाही.

आणखी एक गोष्ट कटू आहे, पण लिहितो. आमच्या कनिष्ठ महाविद्यालयात क्रॉप सायन्सला कित्येक महिने शिक्षकच नव्हते आणि प्रात्यक्षिक वही आम्ही मागच्या वर्षीच्या मुलांच्या वहीवरून उतरवून काढली. म्हणून कोणताही विषय ठरवण्याआधी तो कोण शिकवतो, प्रयोगशाळेचे कुलूप उघडते का आणि प्रात्यक्षिकासाठी जमिनीचा तुकडा आहे का, हे स्वतः जाऊन पाहा.

उत्तर ३ : बी.एस्सी. तृतीय वर्ष, अमरावती

काका, माझे विषय पीसीएमबी (आपण लिहिलेले चारही विषय) आणि आयटी असे होते. आयटीत वेब पान तयार करणे, जावास्क्रिप्ट वगैरे शिकवतात आणि लेखी परीक्षा संगणकावरच होते. त्याचा उपयोग झाला, नाही असे नाही. पण पहिल्या वर्षी माझी खरी अडचण निराळीच होती. प्राध्यापक इंग्रजीत सलग बोलत असताना ऐकायचे, समजून घ्यायचे आणि त्याच वेळी टिपणही काढायचे, हे मी कधी केलेलेच नव्हते. शाळेत फळ्यावरचे उतरवून घेण्याची सवय होती. दिवाळीपर्यंतच्या माझ्या वह्यांत अर्धवट वाक्येच आहेत. मुलीला अकरावीपासूनच धडा वाचून पुस्तक मिटायला आणि त्याचा सारांश स्वतःच्या इंग्रजीत लिहायला सांगा, मोडक्या इंग्रजीत लिहिला तरी चालेल. बालभारतीची पुस्तके मोबाईलवर विनामूल्य मिळतात.

मराठी की आयटी, यावर मी फारसा विचार करणार नाही. जिथे शिक्षक बरे असतील, ते घ्यावे. कला शाखेतही गणित घेता येते, हे मात्र आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक असते. अर्थशास्त्राकडे जायचे असेल तर ती वाट चांगली आहे.

प्रश्नकर्त्यांचे उत्तर

आपणा सर्वांचा आभारी आहे. काल महाविद्यालयात जाऊन आलो. क्रॉप सायन्सला शिक्षक आहेत, परंतु त्याचे प्रात्यक्षिक संपेपर्यंत आमच्या गावाकडे जाणारी मुलींसाठीची मानव विकास योजनेची बस निघून जाते, हे तेथे गेल्यावरच कळले. गणिताचे शिक्षक तासिका तत्त्वावर असून ते ऑगस्टपर्यंत येतील असे सांगण्यात आले. मुलीने पीसीएमबी आणि मराठी असे ठरवले आहे. सर, ऑगस्टपर्यंत तिने त्रिकोणमितीची सुरुवात घरी करावी की आधी दहावीचे बीजगणित पुन्हा पाहावे, एवढे सांगावे.

उत्तर १ : निवृत्त गणित शिक्षक, वाशीम

आधी बीजगणित, तेही पंधरा दिवसच. त्यानंतर अकरावीच्या पहिल्या भागातील पहिले प्रकरण कोन आणि त्याचे मापन हेच आहे; ते तिला एकटीने जमेल. अडलेले उदाहरण येथेच लिहावे.