पावसाळ्यात कलाहारीला जावं की नाही?

कोरडवाहू:
आफ्रिकेतल्या बोत्स्वाना-नामिबियाचं नाव काढलं की जो तो सांगतो, जून ते ऑक्टोबर या तिथल्या कोरड्या महिन्यांत जा, पावसात जाऊ नका. मला हे सरसकट पटत नाही. मागच्या फेब्रुवारीत, तिथल्या पावसाळ्यात, मी बोत्स्वानातल्या मध्य कलाहारी अभयारण्यात, डिसेप्शन व्हॅलीत होतो. अभयारण्य सुमारे ५२,८०० चौ. किमी. कोरड्या दिवसांत जनावर त्यात कुठल्या कुठे पांगलेलं असतं. पाऊस झाला की जुन्या नदीच्या सपाट पात्रात लुसलुशीत गवत येतं आणि गेम्सबॉक, स्प्रिंगबॉक ही हरणं चरायला तिथे उतरतात. मागोमाग सिंह, चित्ते. नुकती जन्मलेली स्प्रिंगबॉकची पिल्लं लटपटत आईमागे पळताना बघितली, ते डोळ्यांसमोरून जात नाही.

नागपूरकर:
साफ असहमत. मी ऑगस्टमध्ये नामिबियातल्या इटोशा अभयारण्यात गेलो होतो. तिथल्या ओकाकुएयो या मुक्कामाच्या पाणवठ्यावर रात्री दिव्यांच्या उजेडात काळे गेंडे पाणी प्यायला आले, आम्ही बाकावर बसून बघत होतो. माझा भाऊ तिथेच जानेवारीत गेला, तीन दिवसांत त्याला एक हत्ती दिसला नाही. जागोजागी डबकी भरलेली, मग जनावर पाणवठ्यावर येईलच कशाला? ताडोब्यात वाघ बघायला आपण मे महिन्याच्या उन्हात जातो ते याचसाठी ना?

कोरडवाहू:
ताडोब्याचं गणित इटोशाला लागू पडतं, मान्य. मध्य कलाहारीत नाही. तिथे कळप गोळा होतात ते गवतापाशी. सगळ्या कोरड्या आफ्रिकेला एकच तक्ता लावतात, माझा राग त्यावर आहे.

परभणीची_लेक:
मी गेलेय, तेही पावसात, म्हणून लिहिते. त्या पात्रातली माती ओली झाली की आमच्याकडच्या काळ्या रानासारखी चाकाला धरते. आमची गाडी रुतली, फोनला रेंज नाही, सोबत नऊ वर्षांचा मुलगा. पाच तासांनी दुसरी गाडी आली. सिंहांच्या मुलखात खाली उतरून चाकाखाली फांद्या घालायच्या म्हणजे काय, ते तिथे गेल्यावर कळतं. शिवाय उत्तरेकडच्या भागात मलेरियाचा धोका याच दिवसांत जास्त. लेकरं घेऊन स्वतः गाडी चालवत जाऊ नका, हात जोडून सांगते.

पाखरांमागे:
पक्ष्यांबद्दल कुणीच बोललं नाही! हिवाळ्याच्या तोंडावर लोणावळ्याकडे थांबणारा अमूर ससाणा पुढे समुद्र ओलांडून आफ्रिका खंडाच्या दक्षिण भागात उतरतो, आणि तेव्हा तिथे पाऊस असतो. पावसानंतर वाळवीला पंख फुटतात, त्यावर हे ससाणे तुटून पडतात. चांगला पाऊस झाला तर इटोशाच्या सुमारे ४,८०० चौ. किमीच्या खाऱ्या तळात पाणी साठतं आणि रोहित पक्षी (फ्लेमिंगो) येतात. ऑगस्टमध्ये तिथे नुसती पांढरी धूळ.

नागपूरकर:
पक्ष्यांसाठी जाणाऱ्यांनी खुशाल जावं. पण आमच्यासारख्यांची ही सहल आयुष्यात एकदाच होते, वर्षानुवर्षं पैसे साठवून. आईवडिलांना हत्ती, गेंडा दाखवायचाय. उंच गवतात शोधत बसायची जोखीम मी घेणार नाही.

कोरडवाहू:
तुमच्यासाठी ऑगस्टमधला इटोशाच बरोबर. आईवडिलांना रात्रीच्या पाणवठ्यावर नक्की बसवा. परभणीच्या ताई, तुमचं म्हणणं मी मूळ पोस्टमध्येच लिहायला हवं होतं. आमच्या दोन गाड्या होत्या, उपग्रह फोन होता, तरी एकदा रुतलोच. एकट्या गाडीने पावसात तिथे कुणीही जाऊ नये.