वायार्तात घर घेताना आधी जिने मोजा

मेक्सिकोतल्या समुद्रकाठच्या पुएर्तो वायार्ता शहरात सहा महिने भाड्याने राहायचंय, सोबत सत्तरीच्या आई, आणि समुद्र दिसायला हवा, तर घर कुठल्या भागात बघावं, असं विचारताय. मग तुम्हाला कुणी सुचवलेला आमापास हा भाग मी तरी यादीतून काढेन. तिथून खाडीचा देखावा झकास आहे, पण वस्ती डोंगरउतारावर. फोटोत जिने दिसत नाहीत. दूध-भाजी घेऊन रोज चढायचं म्हटलं की सूर्यास्ताची हौस आठवड्यात फिटते.

सोना रोमांतिका हा भाग किनाऱ्यालगत बराच सपाट आहे. लोस मुएर्तोसचा किनारा, बाजार, खाणावळी सगळं पायी. मात्र दगडगोट्यांच्या रस्त्यांवर आईंच्या चपला घसरतील, आणि रात्री उशिरापर्यंत गाणी. झोप हलकी असेल तर नकोच. तिथून क्वाले नदीच्या पलीकडे, मालेकोन या समुद्रकाठच्या फिरण्याच्या रस्त्याच्या उत्तर टोकाला ५ दे दिसिएंब्रे ही वस्ती आहे. तिथेही किनारा जवळ, पण मागच्या गल्ल्या चढाच्या, म्हणून खालच्या रस्त्यांवरच बघा.

माझं मत विचाराल तर वेरसायेस किंवा फ्लुवियाल या वस्त्या बघा. समुद्र दिसणार नाही (हे आईंना आधीच सांगून टाका!), पण रस्ते सपाट आणि खायची चंगळ. पितियाल आणखी आत, तिथे स्पॅनिश थोडी तरी यायला हवी.

उत्तरेला आमेका नदीपलीकडचं नुएवो वायार्ता तर वेगळ्याच राज्यात, नायारितमध्ये आहे. तिथून रोज गावात यायचं म्हणजे प्रवासच.

आणि जून ते ऑक्टोबर पावसाळा. आपल्या कोकणासारखाच दमट, तेव्हा एसीच्या विजेचं बिल कोण भरणार ते भाडं ठरवतानाच विचारा.