ड्रायव्हरमधली स्वतःची फ्री लिस्ट काढून टाकावी का?

पॅचकर

लिनक्स ६.६ वरच्या एका ड्रायव्हरचा मेमरीचा भाग सुटसुटीत करायचा आहे. १९२ बाइटच्या रिक्वेस्ट स्ट्रक्चरसाठी स्वतःची फ्री लिस्ट (मोकळ्या नगांची यादी) आहे: मोड्यूल लोड होतानाच २५६ नग घेतलेले, वर एक स्पिनलॉक (मिळेपर्यंत सीपीयूला न झोपता थांबवणारं कुलूप). बफर १६ केबीपेक्षा मोठा असेल तर व्हीमॅलॉक (विखुरलेली पानं जोडून मेमरी देणारं), नाहीतर केमॅलॉक (सलग मेमरी देणारं), आणि काय वापरलं ते लक्षात ठेवायला एक फ्लॅग. डिव्हाइस जोडताना चालणाऱ्या प्रोब फंक्शनच्या शेवटी, चूक झाल्यास सफाई करणारी सात गोटो लेबलं. रिक्वेस्ट इंटरप्ट हँडलरमधूनही घेतल्या जातात. आधी कशाला हात घालावा, आणि काय काढलं तर अंगाशी येईल?

स्लबवाला

फ्री लिस्ट आधी काढा. ती वेगासाठी लिहिली असेल, तर ते काम स्लब (कर्नलचा मेमरी ॲलोकेटर) आधीपासूनच करतो: प्रत्येक सीपीयूची वेगळी यादी असते आणि नेहमीच्या वाटेवर लॉक लागत नाही. तुमच्या यादीत मात्र सगळे सीपीयू एकाच स्पिनलॉकवर खोळंबतात.

त्याहून मोठं नुकसान वेगळं आहे. तुम्ही 'सोडलेला' नग ॲलोकेटरकडे परत जातच नाही. त्यामुळे तो सोडल्यावर कुणी वापरला तरी केएसॅनला (मेमरीच्या चुका पकडणाऱ्या कर्नलच्या साधनाला) पत्ता लागत नाही, कारण त्याच्या लेखी ती मेमरी अजून वापरात आहे. यादी काढली की वर्षानुवर्षं लपलेल्या चुका पहिल्याच दिवशी दिसू शकतात. पॅचने काही बिघडवलं असं समजून तो मागे घेऊ नका.

या स्ट्रक्चरसाठी वेगळी कॅशही (एकाच आकाराच्या नगांचा स्लबमधला खण) नको. केमॅलॉकमध्ये २ च्या घातांच्या आकारांशिवाय ९६ आणि १९२ बाइटचे आकारही आहेत, म्हणजे तुमचं स्ट्रक्चर तंतोतंत बसतं. त्यात एक फील्ड वाढवलं की मात्र ते २५६ च्या खणात जाईल.

इंटरप्टमध्ये जीएफपी_ॲटॉमिक ('झोपू नको' सांगणारा फ्लॅग) द्या आणि नल (म्हणजे मेमरी मिळाली नाही) आल्यावर काय करायचं ते खरोखर लिहा. २५६ नगांचा साठा होता तेव्हा ती वेळ क्वचितच येत असेल, आता येऊ शकते. साठा हवाच असेल तर मेमपूल (कर्नलचा राखीव नगांचा साठा) वापरा. पण 'मिळेलच' ही त्याची हमी झोपता येतं तिथेच असते, इंटरप्टमध्ये तोही नल देऊ शकतो.

पानोपान

फ्लॅगचं काम सोपं आहे. केव्हीमॅलॉकने (आधी केमॅलॉक, जमलं नाही तर व्हीमॅलॉक) घ्या, केव्हीफ्रीने सोडा. पत्ता व्हीमॅलॉकच्या पट्ट्यातला आहे का, हे केव्हीफ्री स्वतःच तपासतं. तीन ठिकाणी अडखळाल:

केव्हीमॅलॉक जीएफपी_ॲटॉमिकबरोबर चालत नाही. मिळालेली मेमरी भौतिकदृष्ट्या सलग असेलच असं नाही, म्हणून ती डीएमए_मॅप_सिंगलला (डिव्हाइसला थेट वापरायला सलग मेमरी देणाऱ्या फंक्शनला) देऊ नका. आणि स्पिनलॉक धरून केव्हीफ्री बोलावू नका, कारण आतलं व्हीफ्री झोपू शकतं. ही तिसरी चूक फार फसवी. छोट्या बफरवर सगळं सुरळीत चालतं, मोठा बफर आला की इशारा छापला जातो.

नग गुणिले आकार असा हिशेब असेल तर केव्हीकॅलॉक घ्या. गुणाकार ओव्हरफ्लो झाला तर ते नल देतं.

उलटा_क्रम

गोटो लेबलांसाठी बरेच जण डेव्हएम_केझॅलॉक (आपोआप सुटणारी मेमरी देणारं) सुचवतील. प्रोबपुरतं ते ठीक आहे, पण त्याची मेमरी ड्रायव्हर सुटताच जाते. कुणी डिव्हाइस फाइल उघडी ठेवून बसलं असेल आणि तेच स्ट्रक्चर वापरत असेल, तर पुढच्या रीडला सोडलेल्या मेमरीत पाय पडतो. अशा स्ट्रक्चरला केरेफच (वापरणाऱ्यांची मोजणी) हवा.

फंक्शनपुरत्या तात्पुरत्या बफरला ६.५ पासून आलेलं __फ्री(केफ्री) लावा, म्हणजे बाहेर पडताना तो आपोआप मोकळा होतो. चल जाहीर करतानाच त्याला किंमत द्या. सफाई जाहीर करण्याच्या उलट्या क्रमाने होते: वर नल देऊन ठेवलं आणि खाली गार्डने (बाहेर पडताना लॉक आपोआप सोडणाऱ्या मॅक्रोने) म्युटेक्स घेतला, तर बाहेर पडताना आधी म्युटेक्स सुटतो, मग मेमरी. ती मेमरी लॉकखालीच सोडायची असेल तर घोटाळा होतो. यशस्वी वाटेवर पॉइंटर दुसऱ्याच्या हवाली करताना नो_फ्री_पीटीआर (आपोआप सफाई रद्द करणारं) विसरू नका, नाहीतर परत केलेला पॉइंटर तिथल्या तिथे मोकळा होतो. आणि एकाच फंक्शनमध्ये गोटो आणि __फ्री मिसळू नका.

जाता जाता: केफ्रीला नल चालतो, आधीचे सगळे 'इफ' उडवा.

पॅचकर

रिक्वेस्ट स्ट्रक्चर उघड्या फाइलशी बांधलेलं आहे, म्हणजे केरेफ. मोठे बफर स्पिनलॉकखालीच सोडले जातात, ते आधी बाहेर काढतो. तपासणी कशी करावी?

स्लबवाला

एका पॅचमध्ये एकच बदल. केएसॅनचं बिल्ड जड वाटलं तर बूट ओळीत स्लब_डीबग=एफझेडपीयू द्या आणि पुढे स्वल्पविराम देऊन फक्त केमॅलॉक-१९२ चं नाव लिहा. सोडलेला नग मग हेक्स ६बी या बाइटने भरला जातो. ऊप्समध्ये (कर्नलने छापलेल्या चुकीच्या अहवालात) ६बी६बी६बी असा पत्ता दिसला की सोडलेलीच मेमरी कुणीतरी वाचतंय.

त्रुटीच्या वाटांसाठी फेलस्लॅब (मेमरीची मागणी मुद्दाम फसवणारं साधन) चालू करा. त्यातलं इग्नोर-जीएफपी-वेट मुळात 'वाय' असतं, म्हणजे जीएफपी_कर्नलची (झोपू शकणारी) मागणी ते कधीच फसवत नाही. ते 'एन' केल्याशिवाय तुमच्या प्रोबची सातही लेबलं न तपासताच हिरवी दिसतील. मग फेल-एनथमध्ये (कितवी मागणी फसवायची ते सांगणाऱ्या फाइलमध्ये) १, २, ३ असा वाढता आकडा लिहीत प्रत्येक वेळी बाइंड करा आणि शेवटी केमेमलीकचं (मेमरीची गळती शोधणाऱ्या साधनाचं) स्कॅन दोनदा चालवा.