'कॅम्पी'ला मराठीत काय म्हणावं?

सुरंगी
वाचनालयाच्या फळ्यावर चार ओळी लिहायच्या आहेत आणि एका शब्दापाशी अडले आहे. शनिवारी आम्ही 'रोबॉट मॉन्स्टर' हा १९५३ चा अमेरिकन विज्ञानपट दाखवतोय. परग्रहावरचा राक्षस म्हणजे गोरिलाच्या केसाळ पोशाखातला माणूस, डोक्यावर पाणबुड्याचं शिरस्त्राण. त्याच्या यंत्रातून भसाभस साबणाचे फुगे निघतात. चित्रीकरण चार दिवसांत उरकलेलं, आणि दिसतंही तसंच. दादाने मुंबईहून डिस्क पाठवली, सोबत चिठ्ठी: 'मस्त कॅम्पी आहे.' म्हणजे इतका भडक आणि फसलेला की बघायला मजा येते. मी फळ्यावर 'बटबटीत' लिहिलं, तर आमच्या निवृत्त गुरुजींनी खोडलं. म्हणाले, बटबटीत असतात ते डोळे. खरं का? आणि मग काय लिहू?

तिरफळ
आचरट. लिहा आणि मोकळ्या व्हा.

खाजणकाठ
गुरुजींचं डोळ्यांपुरतं बरोबर, पण रंग बटबटीत असतो, मेकअप असतो, लग्नाचा मांडवही असतो. तेव्हा खोडायची गरज नव्हती. तरी तुमच्या कामाचा नाही तो शब्द. त्यात नाक मुरडणं आहे. आचरटमध्ये तर सरळ कानउघाडणी आहे, 'आचरटपणा पुरे' असं आई म्हणते. तुमच्या दादाला सिनेमा आवडलाय. वाईट आहे म्हणूनच आवडलाय. अशा लाडाचा शब्द हवा.

पुणेरी पाहुणा
आमच्याकडे कॅम्प म्हणजे श्रूजबेरी बिस्किटं, त्यामुळे मी बराच वेळ चुकीच्या दिशेने विचार करत होतो. असो. अमेरिकन लेखिका सुझन सॉन्टॅग यांनी १९६४ साली याच कल्पनेवर निबंध लिहिला. त्यांचं म्हणणं असं की अस्सल कॅम्प ठरवून होत नाही. करणारा मनापासून गंभीर असतो आणि तरी सगळं हाताबाहेर जातं. हे सामावणारा तत्सम शब्द घडवावा लागेल. 'अतिनाट्यरम्य' कसा वाटतो?

तिरफळ
औषधाच्या बाटलीवर शोभेल. पाहुण्यांनो, जेवून जा, पण शब्द घडवू नका. आमच्याकडे सोंग आहे ना! केसाळ अंग, डोक्यावर भलतंच काहीतरी, पोरं घाबरतायत आणि मोठे हसतायत. हा तर शिमग्यातला संकासुर. काळा पेहराव, उंच टोपी, कमरेला घुंगरू. लिहा 'सोंगाडी सिनेमा'.

खाजणकाठ
इथे मात्र माझा विरोध. संकासुराला आपण काय करतोय ते पक्कं ठाऊक असतं. आडदशावतारात, म्हणजे दशावतारी नाटकाच्या सुरुवातीच्या भागात, तो वेद चोरतो, मालवणीत भटजीची टर उडवतो आणि शेवटी विष्णूच्या हातून मरतो. लोक कुठे हसणार हे त्याला आधीच माहीत. एकच बाकडं, तेच सिंहासन, तेच कैलास, आणि बघणाऱ्यालाही ते मान्य. लिहिलेली संहिता नसताना ही मंडळी रात्र काढतात. तुमचा गोरिला बिचारा खरोखर घाबरवायला आला होता. फजिती झाली म्हणून त्याला दशावतारी म्हणायचं? माझे आजोबा धयकाल्यात, म्हणजे दशावतारी नाटकात, राजा होत. रात्री राजा, सकाळी डोक्यार बोजा. त्यांना कोणी सोंगाड्या म्हटलेलं खपत नसे.

तिरफळ
आजोबांवर कोण बोललं? शब्दावर बोलतोय.

पुणेरी पाहुणा
शब्दांवरून आठवलं, मूळ मजकुरात 'डिस्क' कशाला? तबकडी हा सुरेख शब्द असताना?

सुरंगी
कारण पुढच्या शनिवारी उडत्या तबकड्यांचा सिनेमा आहे. 'तबकडीवर तबकड्या' लिहू?

पुणेरी पाहुणा
मग उडत्या बशा म्हणा. मुळात बशीच होती. १९४७ च्या जूनमध्ये केनेथ आर्नल्ड नावाच्या वैमानिकाने वॉशिंग्टन राज्यात नऊ चकचकीत वस्तू उडताना पाहिल्या. पाण्यावर भिरकावलेली बशी टप्पे घेत जावी तशा त्या जात होत्या, असं त्याने सांगितलं. त्याने चाल सांगितली आणि वृत्तपत्रांनी तो आकार धरला. आपण त्याची तबकडी केली.

तिरफळ
बसते ती बशी, ती उडेल कशी?

खाजणकाठ
ही व्युत्पत्ती तुमच्यापाशीच ठेवा. तबकडी म्हणजे छोटं तबक. हळदीकुंकवाचं, अत्तरगुलाबाचं. ग्रामोफोन आला तेव्हा लोकांनी त्याच्या रेकॉर्डला तबकडी म्हटलं, शुद्धवाद्यांनी 'ध्वनिमुद्रिका' काढली. दोन्ही चालल्या. आता बारा सेंटिमीटरच्या डिस्कला तबकडी म्हणायला हरकत नाही, पण दुकानात मागून बघा. दुकानदार स्टीलच्या भांड्यांकडे बोट दाखवेल.

पुणेरी पाहुणा
मग निदान चित्रफीत?

तिरफळ
फीत कुठाय त्यात? कॅसेटमध्ये होती, पेन्सिल घालून गुंडाळायची. आणि आम्ही तिलाही कधी चित्रफीत म्हटलं नाही. चाकरमानी गणपतीत भाड्याचा टीव्ही आणि व्हीसीआर आणत, दोन्ही मिळून नाव एकच, 'व्हिडिओ'. आमच्या खळ्यात व्हिडिओ लागलो काय वाडीतली माणसां चटयो घेवन येयत. रात्रीत तीन पिक्चर. त्यातल्या एकात रबराचा राक्षस होता, शेपटीची शिवण उसवलेली. आजी हात जोडून बसली होती. आता सांगा, तो कॅम्पी होता का?

खाजणकाठ
आजीसाठी नव्हता. याचा अर्थ हा शब्द सिनेमाचा नाहीच, बघणाऱ्याचा आहे. तुमची आजी समोर असेल तर तोच राक्षस पौराणिक.

पुणेरी पाहुणा
मान्य. तरीही 'व्हिडिओ लागला' हे मराठी नव्हे.

तिरफळ
रेडिओ लागतो, भजन लागतं, भात करपून लागतो, सावंतवाडीची एसटी लागते. व्हिडिओनेच काय घोडं मारलंय?

सुरंगी
फळा लिहून झाला. 'शनिवारी संध्याकाळी ६ वाजता जुना गमतीचा विज्ञानपट. येताना चटई आणावी.' गुरुजींनी 'गमतीचा'खाली रेघ मारलीय, पण खोडलं नाही. एक राहिलंच, मी वर 'साबणाचे फुगे' लिहिलं ते बरोबर का? ते म्हणतात बुडबुडे.

तिरफळ
बुडबुडे पाण्यात. हवेत गेले की फुगे. आमी पपयेच्या देठान काढू.

खाजणकाठ
चूक. फुग्याला रबर लागतं.