आधी ॲडमिनला उचला?

व्हॉट्सॲप ग्रुपांबद्दल एकाने पोस्ट टाकलीय, "ग्रुपमध्ये घाण पडली की आधी ॲडमिनला उचला, बाकीचे आपोआप सरळ होतील." ऐकायला झणझणीत आहे, पण हा वाद कोर्टात जाऊन आलाय. गोंदिया जिल्ह्यातल्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर एका सदस्याने महिला सदस्याला उद्देशून गलिच्छ भाषा वापरली. ॲडमिनवर ठपका असा, की त्याने त्या माणसाला काढलं नाही, माफीही मागायला लावली नाही. मार्च २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ॲडमिनवरचा खटला रद्द केला. दोघांचा समान हेतू दाखवता येत नसेल, तर दुसऱ्याच्या मेसेजचं खापर ॲडमिनवर फोडता येत नाही. एखाद्याचा मेसेज पडण्याआधी तपासून अडवायची सोयच त्याच्याकडे नसते. इतरांचा मेसेज सगळ्यांसाठी डिलीट करायचं बटणसुद्धा २०२२ मध्ये आलं.

तो ॲडमिन शहाण्यासारखा वागला असं नाही हं. मी असतो तर त्या इसमाला तिथल्या तिथे काढलं असतं. पण ते वेगळं आणि गुन्हा वेगळा.

पण टीव्हीच्या न्यूज चॅनेलवाल्यांना एवढा धीर कुठला? 'त्या ग्रुपमध्ये होता' एवढं पुरतं. स्क्रीनशॉटवर लाल गोल मारला की माणूस आरोपी.

मी आमच्या सोसायटीच्या ग्रुपचा ॲडमिन आहे. सेक्रेटरी गावाला जाताना करून गेले, परत आल्यावर काढायचं विसरले. तिसऱ्या मजल्यावरचे काका रात्री दीडला काय फॉरवर्ड करतात, ते मला सकाळी दात घासताना कळतं.